आंब्याच्या पेटीवर ‘रोझा वन’ वापरताना

‘देवगड हापूस’ ही अक्षरं पेटीवर उठून दिसावीत म्हणून ‘रोझा वन’ हा फॉन्ट घेतलात तर उत्तमच. देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत, फुकट मिळतो, आणि जाड-बारीक रेषांचा फरक लांबूनही डोळ्यात भरतो. पण तो फक्त नावालाच लावा. वजन, पत्ता, तारीख ‘मुक्ता’सारख्या सरळ टाइपात.

घात होतो तो बारीक रेषांचा. पुठ्ठ्याच्या खडबडीत कागदावर त्या तुटतात. गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर शाई पसरून बुजतात. म्हणून छपाईवाल्याला आधी विचारा, किमान किती जाडीची रेषा धरते. मग सर्वांत बारीक रेषा मोजून अक्षर वाढवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. नमुना त्याच पुठ्ठ्यावर, खऱ्या मापातच काढा.