उजनी धरणावरची थंडीतली मासेमारी: जाळं खोल टाका, आस (जाळ्याचं भोक) मोठा ठेवा

डिसेंबर उजाडला की भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: मासा लागत नाही. मासा कुठं गेलेला नसतो. पाणी गार पडलं की कटला, रोहू, मृगळ यांचं खाणं आणि फिरणं कमी होतं, आणि ते काठ सोडून खोलात उतरतात. आपण मात्र पावसाळा संपताना जिथं जाळं लावत होतो तिथंच लावत राहतो.

म्हणून काठावरची जाळी उचला आणि धरणात बुडालेल्या भीमेच्या जुन्या पात्राच्या कडेला न्या. खालच्या दोरीला वजन थोडं वाढवा, म्हणजे जाळं तळाजवळ बसेल. संध्याकाळी लावून सकाळी काढा. चिलापीचं (तिलापिया माशाचं) वेगळं आहे. ऊन तापल्यावर, दुपारी बारा ते चार, ती काठाच्या कोमट पाण्यात येते. तेव्हा फेकजाळं कामाला येतं. चिलापी हवी तेवढी धरा. तिची पैदास भराभर होते आणि कटला-रोहूच्या खाद्यातही ती वाटेकरी असते.

कटला-रोहूच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आत्ता कुठे वीतभर झालेली असते. हा मासा आज बारीक म्हणून मातीमोल भावात जातो. तोच पुढच्या हिवाळ्यापर्यंत किलोच्या घरात पोचतो. शिवाय त्यानं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. वडाप म्हणजे बारीक आसाचं ओढजाळं आणि मच्छरदाणीसारखी जाळी यांनी उजनीचं जे नुकसान होतं ते इथंच होतं, आणि ते थांबवणं आपल्याच हातात आहे. कटला-रोहूला चार इंचांपेक्षा लहान आस लावू नका. चिलापीच्या बारीक जाळ्यात बोटुकली अडकू लागली तर जागा बदला. अडकलेलं पिल्लू ओढून काढलं की खवले निघतात, आणि थंडीत त्या जखमेला बुरशी धरते. हात ओले करा, गरज पडली तर धागा कापा आणि पिल्लू पाण्यातच सोडा.

कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी उतरतं आणि बुडालेल्या गावांच्या भिंती, वेड्या बाभळीची खोडं वर येऊ लागतात. गेल्या महिन्यात मोकळी असलेली जागा या महिन्यात जाळं फाडते. लावण्याआधी वजन बांधलेली दोरी सोडून तळ चाचपून घ्या. फाटलेलं जाळं पाण्यात टाकून येऊ नका. मासे त्यात अडकून मरतच राहतात.

पहाटे धुकं दाट असेल तर होडी काढायची घाई नको. अर्ध्या तासानं भाव पडत नाही. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. तो उन्हाळा होता. थंड पाण्यात तर हातपाय लवकर आखडतात, पोहणाराही फार टिकत नाही. लाइफ जॅकेट अंगात घाला, होडीत ठेवून उपयोग नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूला पाच लाखांचं विमा संरक्षण आहे. आपलं नाव त्यात आहे का, हे मच्छीमार संस्थेत जाऊन पाहा.

थंडी आहे म्हणून बर्फात काटकसर करणारे पुष्कळ दिसतात. सकाळी मासा ताजा वाटतो, पण दहानंतरच्या उन्हात कल्ले काळवंडतात आणि व्यापारी तिथंच भाव पाडतो. दोन किलो माशाला निदान एक किलो बर्फ, वर ओलं गोणपाट, आणि क्रेट सावलीत.

धरणातल्या पिंजऱ्यात पंगेशियस मासा पाळला असेल तर सकाळी खाद्य टाकू नका. अकरानंतर, थोडं थोडं, आणि मासा वर येऊन खातो तेवढंच. उरलेलं खाद्य तळाला कुजतं. अंगावर लाल चट्टे दिसले तर तो मासा लगेच वेगळा काढा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

कुंभारगाव, डिकसळकडच्या दलदलीत या दिवसांत रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हे पक्षी उतरलेले असतात. त्या उथळ पट्ट्यात जाळी पसरू नका. पक्षी अडकतात आणि मासाही तिथं फारसा नसतो. पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून फिरवून तिथल्या मच्छीमारांची हिवाळ्यात चांगली कमाई होते. मासा कमी लागतो त्या दिवसांत हा जोडधंदा जरूर करावा, फक्त होडी थव्याच्या अंगावर नेऊ नये.