थंडीत नव्यानं बांधलेलं बोटीचं इंजिन आणि पहिलं तेल: या चुका टाळा

दर हिवाळ्यात माझ्याकडे एक तरी बोटीचं इंजिन दुसऱ्यांदा खोलायला येतं. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) नवा, पिस्टनच्या रिंगा नव्या, बेअरिंग नवी, आणि चाळीस-पन्नास तासांतच निळा धूर. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पण मी तर सगळ्यात महागातलं तेल घातलं होतं." बहुतेक वेळा घोळ तिथूनच सुरू झालेला असतो.

रिंगा बसायच्या आधीच सिंथेटिक, वर तासन्‌तास आयडल

होनिंग केलेल्या, म्हणजे दगडानं घासून खरखरीत केलेल्या, बोअरवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा असतात. त्यांचे उंचवटे आणि रिंगेची कड एकमेकांवर घासून झिजतात, तेव्हा रिंग बोअरला धरून बसते. म्हणजे पहिले काही तास थोडी घासाघीस हवीच असते. आणि रिंगेला बोअरवर दाबतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब. तो रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. लोड नसेल तर हा दाबही नसतो.

एका मालकाला मी डिझेल इंजिन बांधून दिलं आणि साधं मिनरल १५डब्ल्यू-४० (पहिला आकडा थंडीतल्या, दुसरा गरम तेलाच्या जाडपणाचा) घालायला सांगितलं. त्याच्याकडे गाडीसाठी आणलेलं फुल सिंथेटिक, म्हणजे घासाघीस जास्तच रोखणारं तेल, शिल्लक होतं, त्यानं तेच घातलं. थंडी होती म्हणून बोट पाण्यात उतरवली नाही. बादलीतून पाणी देत रोज तास-दोन तास इंजिन आयडलवर, म्हणजे लोड न देता सगळ्यात कमी वेगावर, ठेवलं, हळूहळू रुळू दे म्हणून. आठवड्याभरात एक्झॉस्टमधून काळं, ओशट पाणी पडायला लागलं आणि डिपस्टिकवर तेल खाली जाऊ लागलं. कुणीतरी त्याला तेलात घालायचं डबीतलं औषध सुचवलं, तेही घालून झालं.

हेड काढलं आणि बोअरवर नख फिरवलं. ताज्या होनिंगवर नख खरखरतं. इथं ते स्टीलच्या पेल्यावरून फिरावं तसं सरकलं. रेघांमध्ये तेल भाजून पिवळट-तपकिरी थर बसला होता. औषधानं तो निघत नाही. पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा, पुन्हा गॅस्केट. मला विचाराल तर यात तेलाचा दोष थोडा आणि आयडलचा जास्त. कारखान्यातून सिंथेटिक भरून येणारी इंजिनं असतात, पण त्यांचे बोअर आणि रिंगा त्या हिशेबानंच केलेल्या असतात. हातानं होनिंग केलेल्या जुन्या इंजिनाला तो न्याय लावू नका.

माझी पद्धत अशी: डिझेलला सीआय-४ दर्जाचं मिनरल १५डब्ल्यू-४०, आणि बोट पाण्यातच. सुरू झालं की ऑइल प्रेशर, गळती, एक्झॉस्टमधून पाणी येतंय का, एवढं बघायचं आणि पाच-दहा मिनिटांत गियर टाकायचा. इंजिन तापलं की अर्ध्याच्या वर लोड, अधूनमधून थोडा वेळ जास्त, मग कमी. एकाच स्पीडवर तासभर धरून ठेवायचं नाही. आरपीएमची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली पाळायची. वीस-पंचवीस तासांनी तेल-फिल्टर बदलायचं. त्याआधी सिंथेटिकचं नावही काढू नका.

"नवीन इंजिन आहे, जाड तेल घालू"

ही समजूत काही केल्या जात नाही. नुसतं ४० लिहिलेल्या तेलाला थंडीतल्या चाचणीची अटच नसते. १५डब्ल्यूला उणे २० अंशांवर आणि १०डब्ल्यूला उणे २५ अंशांवर सेल्फला किती जड जातं हे तपासलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि थंडीत पहिल्यांदा सेल्फ मारताना तोच आकडा कामाचा.

गोठवणाऱ्या थंडीत जाड तेल घालून सुरू केलं की गेजचा काटा वर चढतो आणि माणूस खूश होतो. तो काटा तेलाला वाट मिळत नसल्याचं सांगत असतो. इतकं घट्ट तेल फिल्टरच्या कागदातून जाईना की फिल्टरचा बायपास उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. नव्या इंजिनात बारीक कीस सुटतो तो नेमका याच वेळी, आणि तो थेट नव्या बेअरिंगवर. शंका असेल तर १५डब्ल्यू-४० आणि नुसतं ४०, दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी तिरक्या करून बघा.

मी तेलाचा डबा रात्री घरात ठेवतो आणि सुरू करायच्या तासभर आधी भरतो. पेट्रोल इंजिनाच्या खोलीत मात्र उघड्या तारेचा हीटर कधीही ठेवू नका, आणि सुरू करण्याआधी पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चालवा.

ऑइल प्रेशर यावं म्हणून सेल्फ मारत राहणं

इथं बोट आणि गाडी यांत मोठा फरक आहे. वॉटरलॉक मफलर (एक्झॉस्टमध्ये पाणी साठवून ते धुराबरोबर बाहेर फेकणारा) असेल आणि समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा असेल, तर इंजिन न पेटता फिरत राहिल्यानं मफलर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. मग वाकलेला कनेक्टिंग रॉड घेऊन लोक येतात. आधी कॉक बंद करा आणि डिझेल बंद ठेवून थोडं थोडं फिरवून प्रेशर आणा. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरू नये म्हणून मी तो आधी काढून ठेवतो. मग तो बसवून कॉक उघडायचा आणि सुरू करायचं. किल्लीलाच "कॉक" लिहिलेली चिठ्ठी अडकवून ठेवतो.

बाकीच्या चुका

जुन्या पेट्रोल इंजिनात सपाट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे, रोलर नसलेले) आणि नवा कॅम असेल, तर गाडीचं आधुनिक एसपी दर्जाचं १०डब्ल्यू-३० चालत नाही. त्यात फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर नसतो. जास्त झिंक-फॉस्फरसचं ब्रेक-इन तेल घ्या आणि सुरू होताच वीस-तीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर, कमी-जास्त करत चालवा.

टू-स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं तेलच, आणि रनिंग-इनच्या (नवं इंजिन रुळतानाच्या) काळात पेट्रोलमध्ये तेल घालायचं प्रमाण मॅन्युअलमधलं.

डिपस्टिकचा वास घ्या. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारी बरीच इंजिनं साठ अंशांच्या आसपासच चालतात. हिवाळ्यात तेल तापत नाही आणि न बसलेल्या रिंगांमधून इंधन खाली उतरतं. पातळी वाढलेली दिसली तर तास मोजत बसू नका, त्याच दिवशी तेल बदला.

काढलेला फिल्टर कापून कागद उलगडून बघा. चुंबकाला चिकटणारा थोडा भुगा चालेल. बेअरिंगच्या चकचकीत पापड्या दिसल्या तर पुढे चालवू नका.

आणि बोट उन्हाळ्यातच उतरणार असेल तर हिवाळ्यात इंजिन "फक्त आवाज ऐकायला" सुरू करू नका. पाच मिनिटांत आत वाफ धरते, तेल तापत नाही आणि ते पाणी नव्या बोअरवर महिनोन्‌महिने बसून राहतं. फॉगिंग तेल (आतून गंज धरू नये म्हणून फवारायचं तेल) मारा, एक्झॉस्टचं तोंड बंद करा आणि वाट बघा.