तलावाचा काठ राखा, पाखरं येतील

मामा तलावातला, म्हणजे माजी मालगुजारी तलावातला, गाळ काढायचं ठरलं की जेसीबी येण्याआधीच काठाला चुन्याची रेघ मारून घ्या. गुडघाभर पाण्याचा उतरता भाग आहे तसाच राहू द्यायचा, खोली करायची ती मधोमध. कंत्राटदार कुरकुर करेल, करू द्या. कड उभी कापली की बगळा, तुतवार, पाणकोंबडी, कुणालाच पाय टेकायला जागा राहत नाही.

तिकडं ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा ओहोटी लागते, चिखल उघडा पडतो अन् रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चरायला उतरतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडं ओहोटी वर्षातून एकदाच. दसऱ्याच्या सुमारास धानाला पाणी सोडणं सुरू होतं, तलाव हळूहळू मागं सरतो, अन् हिवाळी पाहुण्यांची सोय होते. काठच नसला तर उघडं काय पडणार?

आता बेशरम, ओल्या काठावर माजणारी रानटी झुडपी. ती विळ्यानं कापू नका. तुकडा ओल्यात पडला की तिथंच फुटतो. एप्रिल-मे महिन्यात कुदळीनं मुळासकट काढायची, तलावाच्या पाळीपलीकडं (बांधापलीकडं) कोरड्यात वाळवायची. शेळ्यांना लागू देऊ नका, विषारी असते. आमच्या ढिवर (मासेमारांच्या) सोसायटीत हे काम बायांनीच तडीस नेलं. गडी माणसं जेवणानंतर दिसत नव्हती.

पहिल्या पावसानंतर मोकळ्या चिखलात शेजारच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, कुमुदिनी, देवधानाचे (रानटी भाताचे) ठोंब आणून लावा. गवत्या मासा मात्र सोडू नका, कोवळं सगळं फस्त करतो. पाणवनस्पतीत मरळ, शिंगी हे मासे पोसतात, म्हणजे सोसायटीचंही नुकसान नाही. कुमुदिनीच्या तरंगत्या पानांवर कमळपक्षी अंडी घालतो अन् नर ती उबवतो. तो बसलेला दिसला की डोंगा लांबून न्या, जाळं त्या बाजूला टाकूच नका.

सारस महाराष्ट्रात उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडं. बांधीत (धानाच्या शेतात) घरटं दिसलं तर महिनाभर दम धरा. भोवतालचं धान ठेवा, फवारणी टाळा, अन् मुख्य म्हणजे बांधीतलं पाणी फोडू नका. पाणी उतरलं की कुत्री थेट अंड्यांपाशी. फोटोवाल्यांना जागा सांगायची नाही, पाहुणा असला तरी. वरून विजेची तार जात असेल तर वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. तारेला धडकून सारस मरतात. जखमी पाखरू सापडलं तर सावलीत ठेवून वनखात्याच्या 1926 वर फोन लावा, पाणी चोचीत ओतू नका.