फूट-पौंडांचा आकडा मीटर-किलोत कसा आणायचा?

आकडेमोड नंतर. आधी माप कुठल्या देशाचं, ते बघा. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ लिटरचा. अमेरिकेत गॅलनला ३० मैल जाणारी गाडी ब्रिटनच्या हिशेबात ३६ मैल जाते. गाडी तीच, गॅलन मोठा. ब्रिटनमध्ये तर पेट्रोल लिटरवर विकतात आणि मायलेज गॅलनवर सांगतात! औंस दिसला की तो वजनाचा की फ्लुइड औंस (म्हणजे द्रवाच्या आकारमानाचा), हेही तपासा. आठ फ्लुइड औंस मध तराजूवर बारा औंसांच्या आसपास भरतो.

मग तोंडी हिशेब. मैलांना पाचाने भागून आठाने गुणा: ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. पौंडांचे निम्मे करा आणि त्यातून दहावा हिस्सा काढा: १५० चे ७५, त्यातून साडेसात गेले, उरले साडेसदुसष्ट किलो. खरं उत्तर ६८, म्हणजे चालण्यासारखं.

फॅरनहाइटसाठी '३० वजा करा, निम्मे करा' ही युक्ती बरेच जण सांगतात. हवामानासाठी ती ठीक आहे: ७० चे २० येतात, खरे २१. पण १०२ ताप याच युक्तीने ३६ सेल्सिअस होतो आणि फणफणलेला माणूस ठणठणीत ठरतो. तिथे ३२ वजा करून पाचाने गुणा, नवाने भागा. उत्तर ३८.९.

इंचाला अंदाजाची गरजच नाही. १९५९ च्या करारापासून तो बरोबर २५.४ मिलिमीटर आहे. फक्त ५ फूट १० इंच कॅल्क्युलेटरवर ५.१० असे मारू नका, १५५ सेंटिमीटर येतील. आधी सगळ्याचे इंच करा: ७० गुणिले २.५४, म्हणजे १७७.८.

शेवटी, आकड्याशेजारी एकक लिहाच. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या विमानात इंधन मोजताना 'लिटरला १.७७' हा पौंडांचा आकडा किलोंचा समजून वापरला गेला. किलोत तो ०.८ च्या आसपास असतो. त्यामुळे निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं आणि वाटेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते ग्लायडरसारखं तरंगत आणून कॅनडातल्या गिमली गावच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. सगळे वाचले.