ध्रुवांवरचा बर्फ वर्गात कसा शिकवावा

‘बर्फ वितळला की समुद्र वाढतो’ हे मुलांना तोंडपाठ असतं. मी विज्ञान शिकवते, आणि आधी हे वाक्यच तपासायला लावते.

दोन सारखे काचेचे ग्लास घ्या. एकात पाणी आणि तरंगते बर्फाचे खडे. दुसऱ्यात पाण्यातून डोकं वर काढणारा दगड आणि त्यावर तेवढेच खडे. पातळीवर मार्करने खूण करा आणि बर्फ पूर्ण वितळू द्या. पहिल्यात पाणी खुणेवरच राहतं, दुसऱ्यात वर चढतं. पहिला ग्लास आर्क्टिक महासागराचा, दुसरा ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचा. ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा गेला तर सुमारे ५८. (याला शेकडो-हजारो वर्षं लागतील हेही लगेच सांगा, नाहीतर मुलं उगाच धास्तावतात.)

आता कुणीतरी विचारतंच, “मग तरंगता बर्फ गेला तर बिघडलं काय?” हा प्रश्न आला नाही तर तुम्ही विचारा. हिमाने झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतो. उघडा समुद्र १० टक्केही नाही. बर्फ गेला की तेच ऊन पाण्यात मुरतं आणि आणखी बर्फ वितळवतं. शिवाय किनाऱ्याला जोडून तरंगणारे बर्फाचे जाड थर, म्हणजे हिममंच, मागच्या हिमनद्यांना अडवून धरतात. २००२मध्ये अंटार्क्टिकातला लार्सन-बी हा हिममंच काही आठवड्यांत फुटला, आणि त्यामागच्या हिमनद्या कितीतरी वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या.

माझा आवडता प्रयोग पुढचा आहे. खाण्याचा रंग घालून बर्फ करा. एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळवलेलं. दोन्ही खोलीच्या तापमानाला आलेलं. एकेक खडा अलगद सोडा आणि ग्लासाला हात लावू नका. साध्या पाण्यात रंगाचे दोरे सुटून तळाशी जातात. खाऱ्या पाण्यात रंग वरच थर धरून बसतो, आणि खडाही जास्त वेळ टिकतो. ‘मिठाने बर्फ लवकर वितळतो’ म्हणून पैज लावणारे इथे हरतात: वितळलेलं गार, गोडं पाणी हलकं असल्याने खड्याभोवतीच थांबतं.

मग नकाशावर उत्तर अटलांटिक दाखवा. दक्षिणेकडून आलेलं खारं पाणी तिथे गार होतं, जड होतं आणि बुडतं. युरोपकडे ऊब नेणारा प्रवाह या बुडण्यावर बराच अवलंबून आहे. ग्रीनलंडचं गोडं पाणी वर पसरलं की बुडणं मंदावतं, आणि त्याने पावसाचे पट्टेसुद्धा सरकू शकतात.

वेळ उरला तर स्वच्छ भांड्यात मिठाचं पाणी अर्धवट गोठवा आणि न गोठलेलं पाणी चाखायला द्या. ते आधीपेक्षा खारट लागतं, कारण गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत असंच खारट, जड झालेलं पाणी खाली उतरतं आणि महासागरांच्या तळाशी दूरवर पसरतं.