स्लॅबला चुना, कुलरला विश्रांती

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब इतका तापतो की रात्री दहा वाजताही छताची धग खाली उतरत राहते आणि कुलर पहाटेपर्यंत बंद करता येत नाही. दगडी कोळशापासून तयार झालेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून स्लॅबला पांढरा चुना लावून तो तापूच न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गुढीपाडव्याच्या आसपास पाच किलो कळीचा चुना लोखंडी ड्रममधील पंधरा लिटर पाण्यात थोडा थोडा सोडावा. प्लॅस्टिकची बादली घेऊ नये, कारण पाणी उकळू लागते. रात्रभर भिजल्यावर तो जुन्या धोतराच्या कापडातून गाळावा आणि त्यात पाण्यात विरघळवलेला डिंक मिसळावा. स्लॅब झाडून, खरवडून, ओला करून घ्यावा व ऊन उतरल्यावरच कुंच्याने पहिला हात द्यावा. भर उन्हात दिलेला चुना पटकन वाळतो आणि भुकटी होऊन पायाला लागतो. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी आडवा द्यावा. पावसाळ्यात हा थर बराच धुऊन जातो, त्यामुळे हे काम दरवर्षी करावे लागते. टिनाच्या छताला मात्र चुना लावू नये, त्याने जस्ताचा मुलामा खराब होतो. तेथे पत्र्यासाठीचा पांढरा रंगच वापरावा.

चुना विरवताना डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते, म्हणून चष्मा लावावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे.