रिपोर्टात अमायलॉइड, टाऊ असलं काही दिसलं तर तो वाचायचा कसा

डिमेन्शियाच्या (विसरण्याच्या आजाराच्या) तपासणीत मावशीच्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला, अमायलॉइड बेटा ४२ च्या पुढे 'कमी' लिहिलेलं, आम्ही सगळे खूश, आणि निघालं नेमकं उलटं. मेंदूत हे प्रोटीन गोळा होऊन चिकटून बसतं ना, मग पाण्यात उतरतं कमी, म्हणून इथं आकडा कमी आला की काळजी. टाऊ या दुसऱ्या प्रोटीनचं मात्र वाढलं की काळजी. त्यामुळे एकच आकडा धरून बसू नका, दोन्हींचा रेशो दिलाय का ते बघा, आणि अर्थ डॉक्टरांकडूनच काढून घ्या.

आता प्रोटीन कुठलं ते बघायचं. अमायलॉइड पेशींच्या बाहेर साठतं, टाऊचा गुंता पेशींच्या आत, अल्झायमरमध्ये दोन्ही असतात (१९०६ साली अलॉइस अल्झायमरनं एक पेशंट बाई गेल्यावर तिच्या मेंदूत हेच दाखवलं होतं). अल्फा-सिन्यूक्लिन म्हटलं की पार्किन्सन नाहीतर लुई बॉडी डिमेन्शिया. टीडीपी-४३ एएलएसमध्ये (स्नायू कमजोर करत जाणारा नसांचा आजार) जवळजवळ नेहमी सापडतं, पण काही डिमेन्शियांतही असतं. म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा सरमिसळ असते, एकच नाव मिळेल असं नाही.

साध्या एमआरआयवर यातलं काही दिसत नाही बरं का, तिथं मेंदू आकसलाय का, सूज किंवा रक्तस्राव आहे का असलं कळतं. साठलेलं अमायलॉइड किंवा टाऊ बघायला पेट (PET) स्कॅन लागतो. आणि तो पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच रडारड नको, साठायला सुरुवात लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी होते, काहींना शेवटपर्यंत काही होतही नाही. विसरण्याशी टाऊ कुठवर पसरलंय त्याचा जास्त संबंध. बी१२, थायरॉइड, डिप्रेशन, चालू असलेली औषधं हे सगळं आधी तपासून घ्या, यातलं बरंचसं सुधारतं.

माझ्या मते रिपोर्टपेक्षा वही जास्त कामाची, तारीख टाकून लिहा, काय विसरले, कुठं वाट चुकले. झोपेत ओरडणं, लाथा मारणं, नसलेली माणसं दिसणं, एक दिवस चांगला एक दिवस वाईट असं असेल तर लुई बॉडीची शंका स्वतःहून बोलून दाखवा, कारण अशा पेशंटला हॅलोपेरिडॉलसारखं (भास, आरडाओरडा दाबायचं) औषध दिलं तर अंग एकदम आखडू शकतं, आणि इमर्जन्सीत कुणी विचारत बसत नाही. लेकॅनेमॅबसारखी नवी इंजेक्शनं फक्त सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये देतात, त्यानं आजार थोडा हळू होतो, गेलेलं परत येत नाही. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मधेमधे एमआरआय करावा लागतो, आणि एपीओई४ जीन असेल तर हा धोका वाढतो, तेव्हा ती टेस्ट पहिल्या डोसच्या आधीच मागून घ्या.